फडक्याखालची बिजागरी

सुदर्शन पत्ते खेळत नव्हता, हीच गावाची खरी अडचण होती.

खेळला असता तर काही बिघडत नव्हतं. शिरूर अनंतपाळपासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात मारुतीच्या पारामागं रोज तिर्रट बसायची. तिथं बसणाऱ्यांना गाव नावं ठेवायचं आणि नावं ठेवून झाली की त्यांच्याच पोरांना मुली द्यायचं. जुगारी माणूस कळायला सोपा असतो. हरला की तोंड पाडतो, जिंकला की चहा पाजतो. पण शेषेराव बिरादारांचा हा थोरला, बी.कॉम. झालेला, चाकूरला कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या बाटल्या मांडणारा, चांगला चोवीस वर्षांचा घोडा, हातात पत्त्यांचा कॅट घेऊन बसायचा आणि नुसता फिरवायचा.

"किती जिंकलास?" पारावरचे विचारायचे.

"खेळत न्हाई मी."

"मग काय करायलास?"

"फिरवायलोय."

"फिरवून?"

"फिरवून परत खिशात ठेवतो."

यावर पारावर जी शांतता पसरायची तशी गावात फक्त निवडणुकीचा निकाल लागल्यावर पसरायची. एकानं लातूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. एकानं हळूच जवळ येऊन आपल्या हरवलेल्या शेळीचा पत्ता विचारला. खुद्द शेषेरावांनी एकदा जेवताना भाकरी बाजूला ठेवून हात जोडले होते. "बाबा, एक डाव तिर्रट खेळ. पाच-पन्नास हार. म्हणजे लोकाला काही सांगता तरी येईल."

पण सुदर्शनला हरण्याजिंकण्यात गोडी नव्हती. दीड वर्षापूर्वी त्यानं मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी पोराचे नुसते हात पाहिले होते. तोंड नाही, गाणं नाही, दोन हात आणि त्यांच्यातून पाण्यासारखे वाहणारे पत्ते. त्या रात्री त्यानं घरातला जुना कॅट काढला. त्यात एक्कावन्न पत्ते होते. इस्पिकच्या गुलामाच्या जागी चुलत्याच्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा होता आणि फिरवताना दर वेळी 'आपले विनम्र' वर यायचं. मग पगारातून चांगला, गुळगुळीत कॅट मागवला.

व्हिडिओतली नावं त्याच्या जिभेला बसेनात, म्हणून त्यानं आपली नावं ठेवली. एका हातातली गड्डी अंगठ्यानं मधोमध उघडून खालची अर्धी वर आणि वरची खाली घ्यायची, दार फिरल्यासारखी, ती बिजागरी. पत्ते अर्धगोल उघडायचे तो पंखा. आणि या हातातून त्या हातात पत्त्यांची धार सोडायची, वाऱ्यावर सुपातून दाणे सोडतात तशी, ती उफणणी. बिजागरीला त्याला चार महिने लागले. उफणणीला सात. त्या सात महिन्यांत पत्ते घरात सगळीकडं गेले. पिठाच्या डब्यात बदामची राणी निघाली. तिच्या दोन्ही तोंडांना पीठ लागलं होतं, एवढ्यावर सुदर्शनच्या माईनं, सिंधुबाईंनी तिला सोडून दिलं.

खरी गंमत पुढं झाली. बोटांना सवय लागली. हातात पत्ते असोत नसोत, जरा मनावर ताण आला की बोटं आपली आपण बिजागरी करायची. पंगतीत चार पापड वाढले की त्यांचा पंखा व्हायचा. एसटीत कंडक्टरनं सुटे दिले की नोटा उफणल्या जायच्या. सरपंचांनी एकदा कौतुकानं त्याचा हात हातात घेतला, तर सुदर्शननं गडबडीत सरपंचांचाच हात मधोमध कापला आणि वरची दोन बोटं खाली घेतली. सरपंच त्या दिवसापासून त्याला लांबून नमस्कार करत.

अशात नांदेडहून पुनमचा मेसेज आला. पुनम तिथं फार्मसी शिकत होती आणि मोबाईलवर 'बावन्न बोटं' नावाचा ग्रुप चालवत होती. ग्रुपमध्ये माणसं सहा, म्हणजे बोटं साठ होत होती, पण ते कुणी मोजलं नव्हतं. सुदर्शननं नावासकट मोबाईलवर टाकलेला उफणणीचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. 'रविवारी सगळे बागेत भेटून राहिलो,' तिनं लिहिलं होतं. 'प्रत्येकाला दोन मिनिटं. तू पण ये. तुझी उफणणी लई भारी हाय.'

सुदर्शननं तो मेसेज अकरा वेळा वाचला. दीड वर्षात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी 'मग पुढं काय?' असं विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याच आनंदात केलेल्या उफणणीतून चौकटचा राजा निसटला, ओसरीच्या शहाबादी फरशीवर जाऊन पडला आणि शेषेरावांनी त्याच्यावर पाय दिला.

राजा गुळगुळीत होता. फरशीही होती. शेषेराव ओसरीवरून थेट अंगणात पोचले आणि उजव्या हाताचं मनगट मोडून बसले.

उदगीरला प्लास्टर झालं, बोटांच्या टोकांपर्यंत. घरी आल्यावर शेषेरावांनी काही आरडाओरडा केला नाही. डाव्या हातानं सुदर्शनच्या खिशातून कॅट काढला आणि गळ्यातल्या झोळीत, प्लास्टरच्या हाताशेजारी, ठेवून दिला. दोन दिवस ते कॅटसकट झोपले, कॅटसकट जेवले.

"अण्णा, रविवारी नांदेडला..."

"रविवारचं रविवारी," शेषेराव म्हणाले. "उद्या बाजार हाय. वकिलाला न्यायचंय."

वकील म्हणजे त्यांचा बैल. देवणी जातीचा, अंगानं दुधासारखा पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. कारण समजल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे, म्हणून वकील. जोडीचा दुसरा बैल मागच्या साली म्हातारपणानं गेला होता, आणि एकट्या वकिलाबरोबर जुंपून घ्यायला दुसरा कुठला बैल तयार होत नव्हता. विकायचं ठरलं होतं. अडचण एवढीच की बैलाचा सौदा हातानं होतो, आणि शेषेरावांचा हात प्लास्टरमध्ये होता.

त्या भागात आजही जुने दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर फडकं टाकायचं, त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. आधी धरली ती दहाची, मग जरा थांबून धरली ती सुट्टी; पाचाच्या वर जायचं तर पंजा धरून लगेच वरची बोटं धरायची. हजार म्हणायची गरज नसते, ते बैलाकडं बघून कळतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आणि हात उजवाच लागतो. बैल म्हणजे लक्ष्मी; लक्ष्मीला डाव्या हातानं कोण देतं?

"तुझा हात चालंल," शेषेराव म्हणाले. "पंजा, मग तीन बोटं, झाले ऐंशी. परत पंजा. पंच्याऐंशीच्या खाली यायचं न्हाई. पंच्याऐंशी आले तर हे," त्यांनी झोळीकडं हनुवटी केली, "हे तुला परत, आन् नांदेडला खुशाल जा. न्हाई आले तर पाणी तापवायच्या चुलीत. बावन्नच्या बावन्न."

"चोपन्न असतेत. दोन जोकर."

"जोकर आधी."

रात्रभर सुदर्शननं सिंधुबाईंच्या हातावर पंच्याऐंशीचा सराव केला. त्या एका हातानं शेंगा फोडत होत्या आणि दुसरा त्यांनी त्याला दिला होता. "बरं जमतंय की," त्या म्हणाल्या. "फक्त मधी मधी माझी बोटं वरखाली कामून करायलास?"

"सवय हाय."

"बाजारात करू नको बाबा. लोक काय म्हणतील."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून वकील हाळी गावच्या बैलबाजारात उतरला. उतरण्याचं कारण पटवून द्यायला वीस मिनिटं लागली. तासाभरात तीन-चार गिऱ्हाइकं येऊन दात बघून गेली, आणि मग गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण सिद्रामप्पा आले.

उदगीरचे दलाल सिद्रामप्पा म्हणजे त्या बाजारातलं शेवटचं कोर्ट. वय बहात्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर निळ्या काठाचं पांढरं फडकं. म्हणायचे की अप्पांना समोरच्याचा हात धरला की भावच काय, त्यानं सकाळी काय खाल्लं तेही कळतं. पन्नास वर्षांत त्यांनी फडक्याखाली कुणाला "काय?" म्हणून विचारलं नव्हतं. सौदा करताना ते नेहमी लांब विजेच्या खांबाकडं बघत, आणि पन्नास वर्षांत त्यांची नजर त्या खांबावरून हलली नव्हती. मधल्या काळात खांब दोनदा बदलला होता.

"शेषेराव, हाताला एनप्पा झालं?" त्यांच्या बोलण्यात कन्नड असं मधूनच डोकवायचं.

"राजावर पाय पडला," शेषेराव म्हणाले. अप्पांनी पुढं विचारलं नाही. "माझ्या जागी पोरगा बसंल."

अप्पांनी सुदर्शनकडं पाहिलं, वकिलाकडं पाहिलं, दोघांत फार फरक नसल्यासारखं केलं आणि फडकं टाकलं.

फडक्याखाली अंधार आणि उकाडा होता. अप्पांचा हात कोरडा, जाड, जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारखा. त्यांनी सुदर्शनचा पंजा धरला, मग दोन बोटं. सत्तर. सुदर्शनला उत्तर पाठ होतं. पंजा, तीन, पंजा. त्यानं अप्पांचा हात हातात घेतला. नेमक्या त्याच वेळी वकिलानं, काही एक कारण मनाशी धरून, त्याच्या मानेवर ओला श्वास सोडला.

सुदर्शन दचकला आणि बोटं निघाली.

अंगठा अप्पांच्या तळव्याखाली सरकला. अप्पांची चार बोटं म्हणजे गड्डी, असं त्याच्या हातानं त्याला न विचारता ठरवलं. खालची दोन वर उचलली, वरची दोन खाली घेतली, मिटवली. अशी स्वच्छ बिजागरी त्याला घरीसुद्धा कधी जमली नव्हती. ती जमली म्हणून बोटांना हुरूप आला. त्यांनी अप्पांच्या हाताचा पंखा उघडला, मिटला, आणि शेवटी करंगळीपासून तर्जनीपर्यंत एकेक बोट सोडत, टप टप टप टप, उफणणी केली.

अप्पांची नजर विजेच्या खांबावरून हलली.

भोवतालच्या शंभर माणसांनी ते पाहिलं. कुणीतरी "आऽऽ" केलं. अप्पांनी सुदर्शनच्या तोंडाकडं पाहिलं. सुदर्शनचं तोंड घाबरून दगडासारखं झालं होतं, आणि दगडी तोंडाचा अर्थ बाजारात एकच असतो: हा पोरगा कसलेला आहे. फडक्याबाहेर सगळा बाजार बघत होता.

"आयतु," अप्पा म्हणाले. म्हणजे झालं. मंजूर.

फडकं ओढलं गेलं. लोक पांगले, बातमी घेऊन.

सुदर्शन तसाच उभा राहिला. सौदा झाला होता. केवढ्याला झाला होता ते त्याला माहीत नव्हतं.

"कितीला?" शेषेराव कानाशी आले.

सुदर्शनला बापानंच सकाळी टेम्पोत शिकवलेलं वाक्य आठवलं. "अण्णा, फडक्याखालचं फडक्याखालीच. पावती होईस्तोवर घरच्यालाबी सांगायचं न्हाई. तुम्हीच म्हणलात."

शेषेरावांच्या चेहऱ्यावर अभिमान आणि राग एकाच वेळी आले आणि जागेसाठी भांडू लागले. "बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. "बरोबर हाय, पण नुसतं मान हलवून सांग. पंच्याऐंशीच्या वर का खाली?"

सुदर्शननं मान अशी हलवली की तिच्यातून काहीही काढता यावं.

तेवढ्यात अप्पांचा माणूस मल्लेश दोन चहा घेऊन आला. एक त्यानं सुदर्शनच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः प्याला, पण फार हळू, कामावर असल्यासारखा.

"मग," मल्लेश म्हणाला, "अप्पांनी विचारलंय, भाव तुम्हाला नीट समजला ना म्हणून."

"हाव. नीट समजला." सुदर्शन म्हणाला. "अप्पांना समजला ना?"

"अप्पांना न समजायला काय झालं?"

"न्हाई, तसं न्हाई. नुसतं विचारलो."

"मीबी नुसतंच विचारलो."

दोघं चहा प्याले.

"म्हणजे अप्पांचं म्हणणं," मल्लेशनं पुन्हा सुरुवात केली, "की एवढ्या भावाला बैल चांगला पडला."

"आम्हालाबी एवढ्या भावाला विकायला बरं वाटलं."

"एवढ्याच."

"हाव. एवढ्याच."

मल्लेशनं कप उपडा केला, आत बघितलं आणि निघून गेला. तेव्हा कुठं सुदर्शनच्या डोक्यात उजेड पडला. सिद्रामप्पांनाही माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत न समजलेला पहिला हात त्यांना आज भेटला होता, आणि शंभर माणसांसमोर "काय?" म्हणण्यापेक्षा त्यांनी एक अख्खा बैल घेतला होता.

एव्हाना बाजारभर झालं होतं. "नांदेडकडची नवीन बोली हाय म्हणे ती," म्हशींच्या रांगेत एक जण सांगत होता. "पॉइंटमधी भाव सांगता येतो." दुसरा म्हणाला, "मोबाईलवर शिकवतेत, महिन्याचा कोर्स हाय." शेळ्यांच्या कोपऱ्यात तर दोन दलाल फडक्याखाली एकमेकांची बोटं वरखाली करून बघत होते. त्यात एकाचं बोट लचकलं आणि शेळी राहिली.

शेवटी पावतीचं टेबल आलं. कारकुनानं पेन उघडलं. "बैल देवणी. रंग पांढरा. देणार बिरादार, घेणार सिद्रामप्पा. किंमत?"

अप्पांनी फडकं झटकलं, सुदर्शननं वकिलाचं दावं नीट केलं.

"किंमत बोला."

"मोठ्या माणसानं सांगावं," सुदर्शन म्हणाला.

"छे छे," सिद्रामप्पा म्हणाले. "माल त्यांचा. लेकराच्या तोंडून बरं वाटतंय."

"अप्पांच्या पुढं मी कसा बोलू?"

"बोल की. माझी परवानगी हाय."

"परवानगी हाय, पण संस्कार हायेत ना."

कारकुनानं घड्याळ बघितलं. "संस्कार पुढच्या बाजारी दाखवा. मला जेवायला जायचंय. तिसऱ्या कुणाला माहिताय का?" त्यानं शेषेरावांकडं पाहिलं. शेषेरावांनी मुलाकडं पाहिलं. वकिलानं सगळ्यांकडं पाहिलं, आणि एखाद्याला प्रकरण कधीच कळून चुकल्यासारखे डोळे मिटून घेतले.

"एकडाव खात्री करून घेऊ," सिद्रामप्पा म्हणाले आणि खांद्यावरचं फडकं काढलं. गर्दी पुन्हा जमली, आता दुप्पट. काहींनी मोबाईल काढले आणि फडक्याचं शूटिंग सुरू केलं.

फडक्याखाली दोन हात एकमेकांपाशी आले आणि थांबले. अप्पांचा हात सैल पडला होता: तू सांग. सुदर्शनचा हातही सैल होता: तुम्ही सांगा. बाहेर शंभर-दोनशे माणसं श्वास रोखून, आणि आत दोन हात मेलेल्या मासळीसारखे शेजारी शेजारी.

सुदर्शनला झोळी दिसत होती. झोळीच्या कडेतून कॅटच्या डबीचा कोपरा बाहेर आला होता. त्याला वाटलं, आत्ता पंजा-तीन-पंजा दाबावं. अप्पांना ते मुकाट्यानं मान्य करावं लागेल, कारण तेच आधी "आयतु" म्हणालेत. शंभर म्हटलं तरी म्हातारा देईल. पण हातात अप्पांची बोटं होती, आणि मघाशी कोरडी असलेली ती बोटं आता ओली झाली होती. बाहेर मात्र अप्पा ताठ मानेनं खांबाकडं बघत होते.

दीड वर्ष सुदर्शन एका गोष्टीत पक्का होता. पत्त्यांत तो कुणाला फसवत नव्हता. जे होतं ते उघड्यावर, बोटांच्या टोकांवर.

अडचण अशी की बोटांच्या त्या भाषेत हजारो भाव सांगता येत होते, पण 'मला माहीत नाही' याला खूण नव्हती. शंभरेक वर्षांत बाजारात कुणाला ती लागलीच नव्हती. सुदर्शननं थोडा विचार केला. मग अप्पांची तर्जनी धरली, तिला उभी केली आणि नकार देणाऱ्या मुंडीसारखी इकडं तिकडं हलवली. मग तीच तर्जनी स्वतःच्या तळव्यावर टेकवली. न्हाई. मला.

अप्पांचे खांदे हलू लागले. लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. मल्लेश पुढं धावला. अप्पांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं, आणि फडक्याखाली सुदर्शनची तर्जनी धरून उभी केली, इकडं तिकडं हलवली आणि आपल्या तळव्यावर टेकवली.

त्यानंतरचा सौदा सरळ झाला. सुदर्शननं पंच्याऐंशी दाबले. अप्पांनी तोच भाव त्याच्या बोटांवर दाबला, फक्त शेवटच्या पंजातला अंगठा हळूच मिटून परत दिला. चौऱ्याऐंशी. त्यात घासाघीस नव्हती. वकिलाचा खरा भाव तेवढाच होता आणि दोघांच्याही हाताला तो पटला.

"चौऱ्याऐंशी," दोघं एकदम बोलले. कारकून लिहून जेवायला पळाला. कागदपत्रांवर सह्या झाल्या, शेषेरावांनी वकिलाच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग त्यांनी जुनं दावं सोडून आपल्याकडं ठेवलं आणि सुदर्शनकडं वळले.

"पंच्याऐंशी ठरलं होतं."

"अण्णा, एकच कमी..."

"एक कमी म्हणजे कमी. तुझं नांदेड ऱ्हायलं." बोलताना त्यांनाही ते फारसं आवडत नव्हतं, पण शब्द म्हणजे शब्द. बाजारात तर जास्तच. सुदर्शननं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांसमोर चूल आली, आणि चुलीत एकेक करून कुरकुरत वळणारे पत्ते. जोकर आधी.

"कशाचं बोलणं चाललंय?" सिद्रामप्पा विचारते झाले. शेषेरावांनी झोळी दाखवली, हकिगत सांगितली. राजा, फरशी, नांदेड, सगळी. अप्पांनी ऐकून घेतलं. मग झोळीतून डोकावणारी डबी बघत म्हणाले, "म्हणजे मघाशी माझ्या हाताला जे केलं ते याचं?"

"चुकून झालं, अप्पा," सुदर्शन म्हणाला.

"पन्नास वर्षांत असं कुणी चुकलं न्हाई," अप्पा म्हणाले आणि खांद्यावरचं फडकं तिसऱ्यांदा काढलं. "शेषेराव, ही डबी विकायची का?"

"माझा हात मोडलाय, अप्पा."

"डावा दे. बैल न्हवं ते. पत्त्याला चालतंय डावा."

लक्ष्मीचा प्रश्न नव्हता, तेव्हा शेषेरावांना हरकत घेता येईना. फडकं पडलं. दोघं म्हातारे खांबाकडं बघत उभे राहिले. मग शेषेरावांच्या भुवया वर गेल्या. मग खाली आल्या. मग ते हसल्यासारखे दिसले, जे प्लास्टर झाल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं.

"आयतु," शेषेराव म्हणाले, कन्नड येत नसताना.

अप्पांनी डबी घेतली, उलटसुलट करून पाहिली, कानाशी हलवून पाहिली, बैलाचे दात बघावेत तसा एक पत्ता ओढून त्याच्या कडा तपासल्या आणि ती सुदर्शनच्या हातात ठेवली. "आता जनावर माझं हाय. तू नुसता चालव. रविवारी किती वाजता निघायचं?"

"कुठं?"

"नांदेडला. माझा माल माझ्या माघारी कोण चालवतंय ते मला बघाय नको?"

तो कॅट केवढ्याला गेला हे शेषेरावांनी कुणाला सांगितलं नाही. सिंधुबाईंनी रात्री तीनदा विचारलं, गोड बोलून, रागावून आणि जेवण उशिरा वाढून. "फडक्याखालचं फडक्याखालीच," एवढंच ते म्हणाले, आणि जाता जाता त्यांची डावी तर्जनी हवेत आपोआप इकडं तिकडं हलल्यासारखी झाली.

रविवारी नांदेडच्या बागेत सहा पोरं गवतावर गोल करून बसली होती, आणि सातव्याबरोबर धोतर-टोपीतले एक आजोबा आले होते. पुनमनं आधी त्यांना वाट चुकलेले समजून बसस्टँडचा रस्ता सांगितला. मग सुदर्शननं आपली दोन मिनिटं घेतली. बिजागरी झाली, पंखा झाला, आणि उफणणीला वारा अगदी बेताचा होता. चोपन्न पत्ते या हातातून त्या हातात गेले, एकही सांडला नाही. सगळी ओरडली. पुनम म्हणाली, "परत कर!" आणि त्यानं परत केलं. मग आणखी एकदा. 'मग पुढं काय?' असं कुणीच विचारलं नाही.

"अप्पा, तुम्ही करून बघता का काही?" पुनमनं मस्करीत विचारलं.

सिद्रामप्पांनी टोपी नीट केली. मालकी हक्कानं कॅट मागून घेतला. मग खांद्यावरचं फडकं काढलं, दोन्ही हातांवर व्यवस्थित पसरलं आणि समोरच्या विजेच्या खांबाकडं बघायला लागले.

फडक्याखाली काहीतरी सुरू झालं. कापड एका जागी फुगलं, मग दुसऱ्या जागी. मधोमध एक उंचवटा उठला, फिरला, बसला. पत्त्यांचा फर्र आवाज आला. एकदा "अयप्पा" असं ऐकू आलं, पण ते बहुतेक अप्पांचं होतं. पोरं पुढं सरकली. एकानं फडक्याचं टोक उचलून बघायचा प्रयत्न केला, तर अप्पांनी खांबावरची नजर न हलवता त्याच्या हातावर चापट मारली.

पूर्ण दोन मिनिटं झाली. अप्पा थांबले. कपाळावरच्या विभूतीवर घाम आला होता.

"काय केलं अप्पा तुम्ही?" पुनमनं विचारलं.

"लई अवघड होतं," सिद्रामप्पा म्हणाले. "असं कुणी केलं नसंल."

"दाखवा ना मग."

"दाखवत नसतेत," अप्पा म्हणाले.

सहाही जणांनी सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शननं दगडी तोंडानं मान हलवली. मग आधी पुनमनं, आणि मागोमाग सगळ्यांनी, जोरात टाळ्या वाजवल्या. अप्पांनी त्या मान किंचित झुकवून स्वीकारल्या, हात मात्र अजून फडक्याखालीच होते, कारण पत्ते तिथं कुठं कुठं गेले होते ते एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि बहुधा त्यांनाही नव्हतं.